हनुवटी सरकते तेव्हा

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत मागितले ते जुने फोटो. एक्स-रे, सीटी स्कॅन सगळं नंतर. 'आठवीपासूनचे मिळतील तेवढे आणा. समोरून काढलेले आणि तोंड मिटलेले असतील तर उत्तम,' असं ते म्हणाले, आणि माझी बहीण व मी घरी येऊन कपाटातल्या पिशव्या उपसत बसलो. भाचीचा आठवीच्या वर्गाचा फोटो, दहावीच्या हॉल तिकिटाचा, मामेभावाच्या मुंजीतला, बारावीच्या निरोप समारंभातला साडी नेसलेला. सगळे जमिनीवर ओळीनं मांडले आणि आम्ही दोघी गप्प झालो. आठवीत चेहऱ्याच्या मधोमध असलेली हनुवटी दहावीत किंचित डावीकडे होती. बारावीत ती उघड डावीकडे होती. रोज समोर जेवायला बसणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यात चार वर्षं चाललेला हा बदल घरातल्या कुणाच्या लक्षात आला नव्हता. तिच्या स्वतःच्या आला होता. दहावीनंतरच्या प्रत्येक फोटोत तिनं मान एकाच बाजूला वळवलेली होती, आणि आम्ही म्हणायचो, हिची पोझ ठरलेली आहे.

घरात त्यावर बोलणं झालं होतं ते इतकंच: एका कुशीवर झोपतेस म्हणून, एकाच बाजूनं चावतेस म्हणून. ती एकाच बाजूनं चावायची हे खरं, पण दुसऱ्या बाजूच्या दाढा एकमेकींवर बसतच नव्हत्या, मग चावणार कशी? दोष तिच्या सवयीचा नव्हता, हे आम्हाला फार उशिरा कळलं आणि त्याची मला अजून रुखरुख आहे.

फोटो पाहून डॉक्टरांनी जो प्रश्न काढला तो आम्हाला सुचलाच नव्हता. आम्ही विचारत होतो, हनुवटी किती वाकडी आहे आणि सरळ कधी करता येईल. ते विचारत होते, ती अजून सरकते आहे का? जबड्याच्या शस्त्रक्रियेबद्दल पुढच्या अडीच वर्षांत मला जे कळलं ते सगळं या एका प्रश्नापाशी सुरू होतं. वाकडेपणाचं माप नंतर. तो कशामुळे आला आणि ते कारण थांबलं का, हे आधी.

तसा कुणाचाच चेहरा दोन्हीकडून तंतोतंत सारखा नसतो. एक भुवई वर असते, एक गाल भरलेला असतो, हसताना ओठाचा एक कोपरा जास्त उचलला जातो. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो तसा कपाळावरून दोरा सोडला, तर तो दोन भुवयांच्या मधून, नाकाच्या शेंड्यावरून, वरच्या ओठाच्या पन्हळीतून, पटाशीच्या दातांमधल्या फटीतून हनुवटीच्या मध्यावर यावा. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर समोरच्याला कळतही नाही. चार-पाचच्या पुढे गेलं की मात्र पाहणाऱ्याची नजर अडखळू लागते, आणि नेमकं काय खटकतंय हे त्याला सांगता येत नाही.

खालचा जबडा म्हणजे घोड्याच्या नालासारखं एकच हाड. कवटीला ते दोनच ठिकाणी टेकतं, दोन्ही कानांच्या पुढे. तिथं बोट ठेवून तोंड उघडमिट केलं की हाडाचं टोक सरकताना हाताला लागतं. या टोकाला कॉन्डाइल म्हणतात. वाढीच्या वयात जबड्याची लांबी आणि मागची उंची वाढण्यात या टोकांचा मोठा वाटा असतो. दोन्ही सारखी वाढली तर हनुवटी सरळ खाली आणि पुढे येते. उजवं टोक वाढतच राहिलं तर हनुवटी डावीकडे ढकलली जाते. बैलगाडीचा उजवा बैल जोरात निघाला की गाडी डावीकडे वळते, तसंच.

भाचीच्या बाबतीत हेच झालं होतं. याला कॉन्डिलर हायपरप्लेझिया म्हणतात. हा कर्करोग नाही, जंतुसंसर्ग नाही. बहुधा तेराव्या-चौदाव्या वर्षानंतर एका बाजूचं टोक वाढ थांबवायचं विसरतं, आणि कधीकधी विशीच्या मध्यापर्यंत वाढत राहतं. मुलांपेक्षा मुलींमध्ये हे जास्त दिसतं. ते चालू आहे की थांबलं हे पाहायला हाडांचा स्कॅन करतात. शिरेतून टेक्नेशियम नावाचं किरणोत्सारी द्रव्य अगदी थोड्या प्रमाणात देतात. जिथं हाड नव्यानं घडत असतं तिथं ते जास्त गोळा होतं. मग दोन्ही टोकांची तुलना करतात. एका बाजूचा वाटा ५५ टक्क्यांच्या वर गेला, तर ती बाजू अजून जागी आहे असं साधारणपणे धरतात. तिची उजवी बाजू जागी होती. अशा वेळी जबडा सरळ केला तर काही महिन्यांत तो पुन्हा सरकू लागेल. मग दोन वाटा उरतात: टोकाचा वरचा चार-पाच मिलिमीटर भाग काढून वाढ तिथंच थांबवायची, किंवा थांबून पुन्हा स्कॅन करायचा. तिची वाढ मंदावत आली होती, म्हणून डॉक्टरांनी थांबायचं ठरवलं. पुढच्या स्कॅनमध्ये दोन्ही बाजू सारख्या आल्या त्या दिवशी बहिणीनं घरी शिरा केला.

एक बाजू जास्त वाढण्याची ही कथा. याच्या उलट, एक बाजू खुंटण्याची कथा आपल्याकडे जास्त हळहळ लावणारी आहे, आणि ती टाळता येण्यासारखी आहे म्हणून मी तिच्यापाशी थोडी थांबते. तीन-चार वर्षांचं मूल जिन्यावरून किंवा झोक्यावरून हनुवटीवर पडतं. हनुवटी फुटते, रक्त येतं, दवाखान्यात टाके घालतात, आठ दिवसांत जखम भरते, सगळे विसरतात. पण हनुवटीवर बसलेला धक्का जबड्यातून वर कानापुढच्या सांध्यात गेलेला असतो. तिथं नाजूक टोक मोडतं, सांध्यात रक्त साठतं. दुखतं म्हणून मूल तोंड कमी उघडतं. त्या साठलेल्या रक्ताचं हळूहळू हाड होतं आणि सांधा कवटीला चिकटून जातो. कानाचा जुनाट संसर्ग आत पसरूनही असं होऊ शकतं. मग तोंडात घास जाईनासा होतो आणि मूल दातांच्या फटीतून भात ढकलून खायला शिकतं. वाढीचं टोकच गेल्यामुळे त्या बाजूचा जबडा खुंटतो आणि हनुवटी दुखावलेल्या बाजूकडे वळते. गंमत अशी की दुखावलेला गाल भरलेला दिसतो आणि चांगला गाल चपटा, त्यामुळे आईवडील बरेचदा चांगल्याच बाजूवर बोट ठेवतात. दोन्ही सांधे चिकटले तर हनुवटी मागे राहते, झोपेत जीभ घशावर पडते, आणि घोरणारं, मध्येच श्वास अडकणारं ते मूल रात्रभर नीट झोपत नाही.

म्हणून मूल हनुवटीवर पडलं असेल तर जखम भरल्यावरही काही महिने त्याचं तोंड किती उघडतं ते पाहत राहावं. त्याची स्वतःची तीन बोटं एकमेकांवर उभी ठेवून तोंडात जातात का, एवढंच बघायचं. ती जाईनाशी झाली तर जबड्याच्या सर्जनकडे न्यायचं, दंतवैद्याच्या चिठ्ठीची वाट पाहायची नाही. चिकटलेलं हाड कापून मध्ये कानशिलाचा स्नायू घालतात, कधी बरगडीचा कूर्चेसकट तुकडा बसवतात. त्यानंतर कित्येक महिने रोज तोंड उघडायचे व्यायाम करावे लागतात. ते रडत-ओरडत का होईना, घरच्यांनी करून घेतले नाहीत तर सांधा परत चिकटतो.

काही मुलं मुळातच एका बाजूचा जबडा आणि कान लहान घेऊन जन्माला येतात. दुभंगलेल्या ओठ-टाळूनंतर चेहऱ्याच्या जन्मजात व्यंगांमध्ये याचाच क्रमांक लागतो. अशा खुंटलेल्या हाडाला लांबवण्याची युक्ती सायबेरियातल्या कुर्गान गावच्या गाव्रिल इलिझारोव्ह या अस्थिरोगतज्ज्ञाची. त्यांनी ती पायाच्या हाडांवर शोधली: हाड कापायचं, काही दिवस तसंच ठेवायचं, मग दोन तुकडे रोज एक मिलिमीटर या वेगानं दूर सारायचे. मधल्या फटीत नवं हाड धरत जातं. न्यूयॉर्कच्या जोसेफ मॅकार्थी यांनी १९९२मध्ये मुलांच्या खालच्या जबड्यावर ती यशस्वी करून दाखवली. हे तुकडे दूर सारणारा स्क्रू रोज फिरवायचं काम बऱ्याचदा आईवडिलांनाच शिकवतात.

आता पुन्हा आमच्याकडे. दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी भाचीला एक लाकडी पट्टी दिली, घसा तपासायला जीभ दाबतात ती. 'दाढांमध्ये आडवी धर आणि चाव. समोर बघ.' पट्टी दोन्ही गालांच्या बाहेर निघाली होती. मग त्यांनी आम्हाला म्हटलं, 'आता तिच्या दोन डोळ्यांच्या बाहुल्या बघा आणि ही पट्टी बघा.' बाहुल्या एका रेषेत होत्या. पट्टी उजवीकडे खाली कललेली होती. म्हणजे नुसती हनुवटी सरकलेली नव्हती. उजवा खालचा जबडा खाली उतरत गेला तसे वरचे दातही त्याच्यामागे खाली आले, आणि त्यांच्याबरोबर वरच्या जबड्याचं हाडही. पाया खचला की वरची खिडकी तिरपी होते, तसं झालं होतं. नुसती हनुवटी कापून मध्यावर आणली असती तर हसताना ओठांची रेषा आणि दातांची रेषा कललेलीच राहिली असती. म्हणून दोन्ही जबडे. त्या एका पट्टीनं आम्हाला जे पटलं ते नुसतं बोलून पटलं नसतं.

दोन्ही जबडे कापून पुन्हा जोडायचे, ही कल्पना ऐकून बहिणीचा चेहरा उतरला. माझाही. पण ही विद्या आजची नाही. अमेरिकेत व्हीलिंग इथल्या सायमन हलिहेन यांनी १८४९मध्ये एका तरुणीवरची शस्त्रक्रिया छापून प्रसिद्ध केली. लहानपणी भाजल्यामुळे तिच्या मानेवरचे व्रण आकसले होते आणि त्यांनी खालचा जबडा इतका ओढून धरला होता की तिला तोंड मिटता येत नव्हतं. हलिहेन यांनी जबड्याच्या पुढच्या भागातून हाडाचे पाचरीसारखे तुकडे काढून तो मागे बसवला. वरच्या जबड्याची वाट १९०१मध्ये लील शहरातल्या रेने ल फोर यांनी नकळत आखून दिली. मृतदेहांच्या चेहऱ्यांवर आघात करून हाडं कुठे तुटतात ते त्यांनी पाहिलं, आणि चेहरा वाटेल तसा न फुटता ठरावीक तीन रेषांवरच तुटतो असं त्यांना दिसलं. त्यांतली सर्वांत खालची रेषा, दातांच्या मुळांच्या वरून नाकाच्या तळाशी जाणारी, आज सर्जन मुद्दाम कापतात. तिला अजून त्यांच्याच नावानं ल फोर एक म्हणतात.

खालच्या जबड्याचा खरा पेच सुटला तो १९५०च्या दशकात, ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये शिकलेल्या आणि पुढे झुरिकमध्ये काम केलेल्या हुगो ओब्वेगेझर यांच्या हातून. त्यांनी रिचर्ड ट्राउनर यांच्यासोबत १९५७मध्ये आपली पद्धत इंग्रजीत मांडली आणि ती जगभर गेली. पेच असा होता: हाड आडवं कापून पुढे सरकवलं तर मध्ये फट पडते, जोडायला काही उरत नाही. शिवाय हाडाच्या पोटातून खालच्या ओठाची नस जाते, ती तुटते. ओब्वेगेझर यांनी दाढांच्या मागचं हाड आडवं तोडण्याऐवजी उभं चिरलं. चिंचोका फुटून त्याच्या दोन डाळी व्हाव्यात, तसं हाडाचं बाहेरचं पान आणि आतलं पान वेगळं होतं. दातांचा भाग एका पानाबरोबर पुढे किंवा मागे जातो, सांध्याचा भाग दुसऱ्या पानाबरोबर जागेवर राहतो, आणि दोन्ही पानं सरकल्यानंतरही एकमेकांना बरीच लागून असतात. हाडाला हाड लागलेलं असल्यामुळे ते भरतं. हे सगळं तोंडातून. गालावर एक चीर नाही. उजवीकडचं पान मागे आणि डावीकडचं पुढे सरकवता येतं, म्हणून वळलेला जबडा वळवून परत आणता येतो. चेहऱ्याचा वाकडेपणा सुधारणाऱ्यांना ओब्वेगेझर यांनी दिलेली ही सर्वांत मोठी देणगी, असं मला वाटतं.

वरच्या जबड्याबद्दल भीती वेगळी होती: चारी बाजूंनी कापून खाली घेतलेलं हाड रक्तावाचून मरणार नाही का? १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून विल्यम बेल यांनी माकडांवर प्रयोग करून दाखवलं की टाळूची आणि गालाकडची त्वचा-हिरडी जोडलेली ठेवली तर तेवढ्यातून हाडाला आणि दातांना रक्त पुरतं. त्यानंतर दोन्ही जबड्यांची एकाच दिवशी शस्त्रक्रिया सर्जन निर्धास्तपणे करू लागले. सुरुवातीच्या काळात हाडं तारेनं बांधून जबडे सहा आठवडे घट्ट मिटून ठेवावे लागत. टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि दोन मिलिमीटर जाडीचे स्क्रू आल्यावर तो तुरुंगवास संपला.

पण शस्त्रक्रियेच्या आधी आला तो ब्रेसेसचा काळ, आणि तोच भाचीला सर्वांत जड गेला. कारण असं की दात जबड्याची चूक झाकत असतात. खालचा जबडा डावीकडे गेला तसे तिचे खालच्या डाव्या बाजूचे दात जिभेकडे झुकले होते आणि वरचे डावे दात गालाकडे, एकमेकांना कसंबसं भेटायला. हे झुकलेले दात तसेच ठेवून जबडा सरळ केला तर हाड जागेवर येण्याआधीच दात एकमेकांवर आदळतील आणि अर्ध्या वाटेवर थांबावं लागेल. म्हणून आधी दात आपापल्या हाडात सरळ उभे करायचे. त्यानं झाकलेली चूक उघडी पडते. हनुवटी आणखी वाकडी दिसू लागते, चावा आणखी बिघडतो. ब्रेसेस लावणाऱ्या ऑर्थोडोंटिस्टनी हे आधी सांगितलं होतं, तरी चौदा महिने ते रोज आरशात पाहायचं म्हणजे काय ते त्या मुलीलाच ठाऊक. एकदा ती म्हणाली, 'मावशी, पैसे देऊन वाकडं करून घेतेय मी.' काही निवडक रुग्णांत आता आधी शस्त्रक्रिया आणि मग ब्रेसेस असा उलटा क्रमही लावतात. तिच्या दातांची बैठक त्यासाठी योग्य नव्हती.

शस्त्रक्रियेची आखणी आम्हाला संगणकावर दाखवली. सीटी स्कॅनवरून तिची कवटी पडद्यावर उभी होती आणि डॉक्टर वरचा जबडा उजवीकडून चार मिलिमीटर वर उचलत होते. पूर्वी हे सगळं प्लास्टरच्या दातांवर व्हायचं: साचे बारीक करवतीनं कापायचे, मेणानं चिकटवायचे, परत मोजायचे. पडद्यावर असो की प्लास्टरवर, शेवटी हातात येतं ते प्लास्टिकचं एक पातळ पान, स्प्लिंट. त्यावर दातांचे खड्डे असतात. ऑपरेशन टेबलवर तोंड सुजलेलं असतं, नाकातून भुलीची नळी घातलेली असते, चेहऱ्याकडे बघून सरळ-वाकडं ठरवता येत नाही. वरचा जबडा मोकळा केला की दात या पानाच्या खड्ड्यांत बसवायचे. बसले म्हणजे हाड ठरलेल्या जागी आलं. मग पट्ट्या. नंतर खालचा जबडा चिरून नव्या जागेवरच्या वरच्या दातांशी जुळवायचा. या क्रमात सगळ्यांत शेवटी हनुवटीचा नंबर. तिच्या हनुवटीचा खालचा काठ वेगळा कापून दोन मिलिमीटर उजवीकडे सरकवला. सगळं मिळून पाच तास लागले.

'जॉलाइन' हा शब्द हल्ली शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे, म्हणून त्याबद्दल. कानाखालच्या कोनापासून हनुवटीपर्यंतची ही रेषा हाडाच्या खालच्या काठावर ठरते, पण तिच्यावर चावायचा स्नायू, चरबी आणि मानेची कातडीही असते. मागे राहिलेला जबडा पुढे आणला की हनुवटीखालची कातडी ताणली जाते आणि रेषा उमटते. पुढे आलेला जबडा नुसता मागे ढकलला तर तीच कातडी सैल पडते, आणि जिभेमागची श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून चांगले सर्जन बऱ्याच रुग्णांत सगळं मागे न ढकलता वरचा जबडा थोडा पुढे आणतात. झोपेत श्वास अडकणाऱ्या प्रौढांमध्ये दोन्ही जबडे सुमारे एक सेंटिमीटर पुढे आणून ती वाट मुद्दाम रुंद करतात. हनुवटीचं हाड जेवढं सरकतं जवळपास तेवढीच वरची कातडी सरकते. वरचा ओठ मात्र हाडामागे तितका येत नाही. वरचा जबडा पुढे किंवा वर गेला की नाकपुड्या रुंदावतात, त्यासाठी आतून एक आवळता टाका घालतात.

या रेषेसाठी सुचवतात तशी जीभ टाळूला लावून वाढ पूर्ण झालेला जबडा सरकत नाही. कडक गम चघळून स्नायू फुगतो, हाडाची रेषा तिथंच राहते. आणि चावा नीट असलेल्या, निरोगी मुलांनी निमुळत्या चेहऱ्यासाठी जबड्याचे कोन घासून घ्यावेत किंवा दोन्ही जबडे कापून घ्यावेत, हे मला पटत नाही. ज्या शस्त्रक्रियेत ओठाची जाणीव पणाला लागते ती करण्यासाठी कारणही तेवढं मोठं हवं. न चावता येणं, सांधा दुखणं, रात्री श्वास अडकणं ही मोठी कारणं आहेत. चेहऱ्याच्या वाकडेपणामुळे मूल लोकांत जायचं टाळत असेल तर तेही माझ्या लेखी मोठंच कारण आहे. वाढ संपेपर्यंत थांबावं लागतं, मुलींमध्ये साधारण सोळा-सतरा, मुलांमध्ये अठरा ते एकवीस. थांबण्याच्या या काळात मुलाला 'एवढं काय त्यात' म्हणू नये.

खर्च खासगी रुग्णालयात मोठा असतो. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, अशा ठिकाणी जबड्याच्या शस्त्रक्रियेचे आणि ब्रेसेसचे विभाग एका छपराखाली आहेत. या उपचारात सर्जन आणि ऑर्थोडोंटिस्ट दोघांनी मिळून आखणी करणं फार महत्त्वाचं असतं. विम्याकडे जायचं असेल तर चावा, सांधा, श्वास यांबद्दलची तक्रार पहिल्या दिवसापासून केसपेपरवर लिहिलेली असू द्यावी.

भाची ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आली तेव्हा ओळखू येत नव्हती. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, आणि आरसा त्याच दिवशी मागू नये असं मी आता प्रत्येकाला सांगते. तिनं मागितला. 'ही मी नाही' म्हणाली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. नर्सबाईंनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की पहिल्या दोन आठवड्यांत असं बऱ्याच जणांचं होतं, तिला एकटं सोडू नका. दातांवर रबर बँड लावलेले, तोंड बोटभर उघडायचं. पेज, मुगाचं कढण, नाचणीची आंबील, सगळं मिक्सरमधून काढून गाळून, मोठ्या सिरिंजनं गालाच्या कोपऱ्यातून. तिसऱ्या आठवड्यात मऊ भात आणि कुस्करलेलं केळं. दीड महिना दातानं तोडून काही नाही, कारण हाड धरायला सहा ते आठ आठवडे लागतात. चार किलो वजन उतरलं. सूज महिन्याभरात बरीच गेली, पण चेहरा पूर्ण बसायला वर्ष लागलं. दात नेमके बसवायला ब्रेसेस आणखी सात महिने राहिले.

सगळंच जुळून येतं असं नाही. हाड थोडं मागे सरकू शकतं. हाड कुठल्या दिशेला नेलं यावर ते किती टिकेल हे बरंच अवलंबून असतं. वरचा जबडा वर उचलणं सर्वांत टिकाऊ, रुंद करणं सर्वांत कमी. क्वचित पट्टीपाशी जंतुसंसर्ग होतो आणि ती काढावी लागते. हाड चिरताना ते हव्या रेषेवर न फुटता भलतीकडे फुटू शकतं. हाडं सरळ झाली तरी दोन गालांतल्या स्नायूंचा आणि चरबीचा फरक थोडा उरतोच. आणि ओठाची नस. हाड चिरताना ती सांभाळली तरी ताणली जाते. बहुतेकांचा खालचा ओठ आणि हनुवटी सुरुवातीला बधिर असते, ती जाणीव काही आठवडे ते वर्षभरात परत येते. काहींची पूर्ण येत नाही, आणि वय जास्त असेल तर न येण्याची शक्यताही जास्त. सही करण्याआधी डॉक्टरांनी हे भाचीला दोनदा सांगितलं होतं, आईला बाहेर बसवून एकदा.

वर्षानं तपासणीला गेलो तेव्हा मी तिच्या शेजारीच होते. लाकडी पट्टी पुन्हा दाढांत धरली, आता ती डोळ्यांच्या रेषेला समांतर होती. डॉक्टरांनी मान हलवली आणि कापसाची एक बारीक वात वळली. 'डोळे मीट. वात लागली की हो म्हण.' उजव्या गालावर हो. हनुवटीवर हो. खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यापाशी वात फिरत राहिली आणि ती गप्प. डॉक्टरांनी पेन घेऊन तिथं कातडीवर एक गोल काढला, रुपयाच्या नाण्याहून जरा लहान. मागच्या वेळचं माप त्यांनी कागदावर पाहिलं; तेव्हा तो गोल दुप्पट होता. 'आमटी पिताना कळतं का ओघळलं की?' त्यांनी विचारलं.

'नाही,' ती म्हणाली. 'रुमाल जवळ ठेवते.'